निरक्षर बायांपर्यंत माहिती पोहोचवायची असेल तर

2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता राज्यात सर्वांत कमी, सुमारे 64 टक्के होती. स्त्रियांची तर साधारण 56 टक्केच. तरीही आरोग्याची किंवा शेतीची मोहीम निघाली की आपल्याला आधी आठवतात ती छापील पत्रके, आणि फार झाले तर त्यांत चित्रे घातली जातात. चित्र घातले म्हणजे निरक्षर बाईची सोय झाली, हा समज मला मान्य नाही. चित्राचा आणि रंगाचा अर्थही कुणीतरी तोंडाने सांगावा लागतो.

कीटकनाशकाच्या डब्याचेच पाहा. 1971 च्या नियमांनुसार त्यावर विषाची तीव्रता रंगीत त्रिकोणाने दाखवतात: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही कळावी अशीच ही खूण आहे. पण कपाशीच्या फवारणीला पाणी आणून देणाऱ्या, फवारणीचे कपडे धुणाऱ्या आणि रिकामा डबा घरात वापरायला घेणाऱ्या बाईला ती कुणी समजावली आहे? पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, म्हणून सूचनाही त्यालाच मिळतात, त्याही दुकानात उभ्या उभ्या. मग हिरवा रंग पाहून तिने ते औषध निर्धोक मानले, तर दोष तिचा नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे चारांत कमी विषारी, बिनविषारी नव्हे.

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळीचे वेळापत्रक याहून किचकट आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी जो वार असेल त्यावरून पुढचे वार ठरतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा गोळी घ्यायची असते. छापील वार जिला वाचता येत नाहीत, तिलाही गावचा बाजार कधी भरतो हे पक्के ठाऊक असते. तेव्हा तिचा वार बाजारापासून मोजून, ‘बाजारना दुसरा दिन गोयी लेवानी’ असा तिच्याच अहिराणी बोलीत सांगितला तर चुकण्याचा संभव कमी. नंदुरबारमधल्याच धडगाव-अक्कलकुव्याकडे हेच पावरी किंवा भिली बोलीत सांगावे लागेल, हे ओघानेच आले.

साक्षरतेचे वर्ग हवेतच, पण तोवर माहिती अडवून ठेवण्याचे कारण नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेल्या प्रकल्पात सुरुवातीच्या अनेक ग्रामआरोग्य सेविका स्वतः निरक्षर होत्या, आणि गावाचे आरोग्य त्यांनीच सांभाळले.

सांगून झाल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला उत्तर ‘हो’ हेच येते. ओआरएसची पुडी देताना बाईला घरातले भांडे आणायला लावावे, एक लीटर पाणी कुठपर्यंत येते ते त्यातच मोजून दाखवावे आणि कालवलेले पाणी किती वेळ चालेल हे तिच्याच तोंडून ऐकावे. चोवीस तास, हे उत्तर आले तरच काम झाले.

हल्ली व्हॉट्सॲपवर ध्वनिफिती पाठवण्याचा उपाय सुचवला जातो. पण पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो, आणि गोळीविषयीची फीत तिथे कोण ऐकवणार? लसीकरणाच्या दिवशी बाया अंगणवाडीत जमतातच. ती फीत तिथे वाजवावी आणि पुरुष कर्मचाऱ्यांना बाहेर बसवून आशाताईंनी शंका ऐकून घ्याव्यात.