जर्मनीतली जुनी शहरं ‘डुप्लिकेट’ नाहीत

युरोपच्या सहलीचे बेत सुरू झाले की एक मजकूर फॅमिली ग्रुपांवर फिरायला लागतो. थोडक्यात असा: ‘जर्मनीतली ऐतिहासिक शहरं म्हणजे सगळा डुप्लिकेट माल. युद्धात सगळं बेचिराख झालं, मग अमेरिकेच्या पैशावर दहा वर्षांत होतं तसंच्या तसं परत बांधलं. गाइड ही गोष्ट लपवतात. सिमेंटचा सेट बघण्यापेक्षा सरळ प्रागला जा.’

मी मराठी मंडळींना घेऊन या शहरांतून फिरतो. हल्ली पहिल्याच दिवशी बसमध्ये कुणीतरी हा मजकूर मोबाइलवर काढून दाखवतं. प्रागला जरूर जा. पण या मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्याच्यावर विसंबून लोक व्युर्ट्सबुर्ग किंवा ड्रेस्डेन गाळतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘सगळं बेचिराख झालं’ इथपासून सुरुवात करू. १६ मार्च १९४५च्या रात्री व्युर्ट्सबुर्गवर वीसेक मिनिटं बॉम्ब पडले आणि जुन्या गावाचा सुमारे ९० टक्के भाग गेला. तिथल्या बिशपांच्या राजवाड्याचं, म्हणजे रेसिडेन्झचं, छप्पर जळालं. पण जिन्यावरचं कमानदार दगडी छत पडलं नाही. बाल्थाझार नॉयमान या वास्तुकाराने अठरा मीटर रुंद आणि तीसेक मीटर लांब दालनावर, मध्ये एकही खांब न देता, ते पेललं होतं. त्यामुळे व्हेनिसच्या तिएपोलोने १७५२-५३ मध्ये त्याच्या पोटाशी रंगवलेलं चार खंडांचं अवाढव्य चित्रही वाचलं. नंतर धोका होता तो पावसाचा. वर छप्परच नाही, पाणी मुरलं की रंग सुटणार. कलावस्तूंच्या रक्षणासाठी आलेल्या जॉन स्किल्टन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने खटपट करून लाकूड मिळवलं आणि वर तात्पुरतं छप्पर घालून घेतलं. आज त्या जिन्याने चढताना हत्तीवर बसलेली आशिया दिसते ती तिएपोलोच्याच हातची. आमच्यातल्या कुणाला तरी तो हत्ती सर्वांत आधी सापडतो, मग सगळे माना वर करून तिथेच उभे राहतात. पुढच्या दालनांचं वेळापत्रक कोलमडतं, पण मी कधी घाई करत नाही.

बाकी ठिकाणी लोकांनी आधीच शहाणपणा केला होता. हिल्डेसहाइमच्या सेंट मायकेल चर्चची तेराव्या शतकातली रंगवलेली लाकडी तक्तपोशी १९४३ मध्येच उतरवून ठेवली होती. न्युरेम्बर्गमध्ये किल्ल्याखालच्या खडकात बिअर साठवायची जुनी तळघरं होती, तिथे शहरातली शिल्पं नेऊन ठेवली. जुन्या काळच्या फाइट श्टोस या शिल्पकाराचं लाकडी शिल्प सेंट लॉरेन्झ चर्चमध्ये आज छतापासून टांगलेलं दिसतं, तेही त्यांतलंच. इमारत दुरुस्त झालेली, आतली वस्तू मूळची, अशी सरमिसळ या शहरांत पावलोपावली आहे.

‘दहा वर्षांत, होतं तसंच्या तसं.’ हे तर दोन्ही बाजूंनी चूक. पहिल्या दहा वर्षांत मुख्यतः उभी राहिली ती साधी राहती घरं, कारण लोक तळघरांत राहत होते. कासेलने जुनं गाव परत उभारलंच नाही, नव्या आखणीचं शहर केलं. न्युरेम्बर्गने रस्त्यांच्या जुन्या रेषा, तटबंदी आणि उतरती छपरं सांभाळली, पण मधली घरं बहुतेक नवी, साधी बांधली. ड्रेस्डेनचा ऑपेरा परत उघडला १९८५ साली. हिल्डेसहाइमच्या चौकातलं खाटकांच्या संघाचं प्रसिद्ध लाकडी घर १९८९ मध्ये परत उभं राहिलं, आणि फ्रँकफर्टचं नवं ‘जुनं गाव’ २०१८ मध्ये. ही सत्तर वर्षांहून मोठी गोष्ट आहे, आणि प्रत्येक शहराने काय ठेवायचं, काय सोडायचं यावर कडाडून वाद घातलेत. महाकवी गटेचं फ्रँकफर्टमधलं घर २२ मार्च १९४४ला, नेमकं त्याच्या पुण्यतिथीला, उद्ध्वस्त झालं. ते परत बांधावं की हा विनाश आपल्याच कर्माचं फळ म्हणून स्वीकारावा, यावर तिथल्या विचारवंतांमध्ये जुंपली होती. सामान आधीच हलवलेलं असल्यामुळे बचावलं होतं. शेवटी घर बांधलं, १९५१ मध्ये उघडलं.

आता मुख्य आरोप, ‘डुप्लिकेट’. आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द आहे. जीर्णोद्धार झालेल्या देवळाला आपण खोटं देऊळ म्हणत नाही. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्शे या चर्चचं झालं ते हेच. १५ फेब्रुवारी १९४५ला सकाळी ते कोसळलं. पूर्व जर्मनीच्या राजवटीत दगडांचा ढीग तसाच राहिला, आणि १९८२ मध्ये बॉम्बहल्ल्याच्या तारखेला, १३ फेब्रुवारीला, तरुण मुलं तिथे मेणबत्त्या घेऊन शांततेसाठी जमली. देश एक झाल्यावर १९९३ पासून ढिगाऱ्यातला एकेक दगड मोजून, त्याची मूळ जागा शोधून मांडून ठेवला. दर्शनी भागाचे साडेतीन हजारांहून जास्त जुने दगड परत वापरले. ३० ऑक्टोबर २००५ला चर्च पुन्हा उघडलं. सुमारे १८ कोटी युरो लागले, त्यांतले १० कोटींहून जास्त देणग्यांतून आले. कळसावरचा सोनेरी क्रूस ब्रिटनमधल्या देणगीदारांनी दिला. तो घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील या शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक होते. ढिगाऱ्यात सापडलेला जुना, वाकलेला क्रूस आत ठेवलाय.

बाहेरून बघा, भिंतीवर काळे दगड आणि पिवळसर दगड वेगवेगळे ओळखू येतात. काळे ते जुने. तिथला वालुकाश्म वर्षानुवर्षं हवेत राहून काळवंडतो, नवेही हळूहळू होतील. फसवायचं असतं तर सगळे एकसारखे रंगवता आले असते. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या चित्रसंग्रहालयात हान्स ड्योलगास्ट या वास्तुकाराने याच्याही पुढची पायरी गाठली. बॉम्बने पडलेलं खिंडार त्याने साध्या विटांनी बुजवलं आणि नक्षी केलीच नाही. शिवलेली जखम दिसावी तसा तो पट्टा इमारतीवर आहे. माझ्या मते जर्मनीतलं सर्वांत प्रामाणिक बांधकाम ते.

फ्रँकफर्टपुरता आरोप थोडा मान्य करतो. र्‍योमरबर्ग चौकाची पूर्वेकडची लाकडी घरांची रांग १९८०च्या दशकातली आहे, आणि फोटो काढणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नसतं. नव्या जुन्या गावातल्या ३५ घरांपैकी १५ जुन्याबरहुकूम, बाकी सरळ आजच्या धाटणीची. मलाही तिथे करमत नाही.

‘अमेरिकेच्या पैशावर’ याला फार जागा नको. मार्शल योजनेतून, म्हणजे युद्धानंतर युरोपला सावरायला अमेरिकेने दिलेल्या मदतीतून, पश्चिम जर्मनीला सुमारे १.४ अब्ज डॉलर मिळाले, ब्रिटनला त्याच्या दुपटीहून जास्त. ड्रेस्डेन ज्या पूर्व भागात होतं त्याला एक पैही नाही.

आणि ‘गाइड लपवतात’? रोथेनबुर्गला तटावरून चाला. ३१ मार्च १९४५च्या हल्ल्यात पडलेली ही भिंत कुणाकुणाच्या देणगीतून उभी राहिली, त्यांची नावं दगडांवर कोरून ठेवलीत. ल्युबेकच्या मारियनकिर्शे चर्चमध्ये १९४२च्या आगीत मनोऱ्यातून कोसळलेल्या घंटा पडल्या तिथेच आहेत, फुटलेल्या, जमिनीत रुतलेल्या.

याच ल्युबेकच्या चर्चमध्ये एकदा खरोखर डुप्लिकेट माल निघाला होता. आगीच्या धगीने चुना गळून भिंतींवर मध्ययुगीन चित्रं उघडी पडली. ती दुरुस्त करायच्या कामावर लोथार माल्स्कात नावाचा चित्रकार होता. जिथे काही उरलं नव्हतं तिथे त्याने आपल्याच मनाने संत रंगवले. १९५१ मध्ये त्यांचं थाटात अनावरण झालं, पोस्टाची तिकिटंही निघाली. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःहून कबुली दिली. १९५५ मध्ये न्यायालयाने त्याला तुरुंगवासाची शिक्षा सुनावली आणि ते खोटे संत भिंतीवरून पुसून टाकण्यात आले.