वयोगटाचा शिक्का नको

मुलांच्या पुस्तकांची तुम्ही दिलेली यादी चांगली आहे, पण ‘८ ते १० वर्षं’, ‘१० ते १२ वर्षं’ अशा कप्प्यांत पुस्तकं बसवलीत ते पटलं नाही. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात दर रविवारी मी मुलांना पुस्तकं वाटते. चौथीतल्या किती पोरांच्या घरी अहिराणीच बोलतात. त्यांच्या हाती ‘८ ते १०’चं पुस्तक दिलं की आधी पानं उलटून मजकूर किती आहे ते बघतात, मग गुपचूप परत ठेवतात. त्यात मुखपृष्ठावर ‘५ ते ७’ छापलेलं असलं, तर सातवीतला मुलगा ते मित्रांसमोर उचलतच नाही. मी त्या आकड्यांवर सरळ कागदाची चिठ्ठी चिकटवते. कपाशीचं चित्र असलेलं एक पातळसं पुस्तक निघालं तेव्हा मागून आवाज आला, “ताई, हाई तं आमना वावरमा शे!” (हे तर आमच्या शेतात आहे!) त्या दिवशी ते सहा जणांनी मागितलं, त्यात सातवीतले दोघे.

त्यापेक्षा पानावर ओळी किती, अक्षर केवढं, जोडाक्षरं कितपत, हे यादीत लिहा ना. आणि किंमतही. छोट्या वाचनालयाला जाड पुठ्ठ्याची महागडी पुस्तकं परवडत नाहीत, आणि घेतलीच तर ‘फाटतील’ म्हणून कपाटाला कुलूप! मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५पासून आहे, त्यावरून मराठी गोष्टी फुकट उतरवून छापता येतात, तेही यादीत हवं होतं. मी छापून स्टेपल मारते. फाटलं तर दुसरं.