सचिनने किती केले?

ठाण्यात फुटबॉलवर जीव लावणारा माणूस घरच्यांना मुख्यतः झोपेच्या संदर्भात माहीत असतो. 2014च्या सुमारास युरोपातल्या चॅम्पियन्स लीगची मॅच थंडीत आपल्याकडे रात्री सव्वाला सुरू व्हायची. टीव्हीचा आवाज बंद, दिवा बंद, आणि गोल झाला की ओरडायचं ते उशीत. 2014च्या वर्ल्डकप फायनलला जर्मनीच्या गोट्झेने 113व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन वाजायला आले होते, आणि मी तोंडात पंचा कोंबून हॉलमध्ये नाचत होतो. आई पाणी प्यायला उठली, माझ्याकडे बघितलं, आणि पाणी न पिताच परत गेली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात फुटबॉलची इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि आपल्या संघाचं, मुंबई सिटीचं घरचं मैदान ठरलं नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. म्हणजे जी भक्ती आजवर मध्यरात्री चोरून करायची, ती आता संध्याकाळी, उघडपणे, ठाण्याहून लोकलने जाऊन करता येणार होती. मी लगेच आकाशी जर्सी घेतली. पहिल्याच घरच्या सामन्यात आम्ही पुण्याला 5-0 असं धुतलं, आंद्रे मोरित्झने हॅटट्रिक मारली. त्या रात्री मला वाटलं, चषक आपलाच. पुण्याला पाच गोल मारल्यावर ठाणेकराला वाटतं तसं. युरोप गाजवून आलेला ल्युंगबर्ग आहे, अनेल्का आहे, अजून काय पाहिजे? अजून बरंच काही पाहिजे होतं. आठ संघांत आम्ही सातवे आलो.

आणि फायनल? फायनल नेरुळलाच. मांडव आपल्या दारात, लग्न शेजाऱ्यांचं, आणि आपण आहेराचं पाकीट घेऊन उभे. वीस डिसेंबर, शनिवार, केरळा ब्लास्टर्स विरुद्ध ॲटलेटिको दे कोलकाता. केरळाच्या मालकांत सचिन, कोलकात्याच्या मालकांत गांगुली.

ही शेवटची माहिती मी घरात मोठ्याने वाचून दाखवली नसती तर बरं झालं असतं. त्या वेळी नौपाड्याचे मामा चहाला आले होते. मामा बँकेतून रिटायर झालेले, आणि गेलं वर्षभर एका दुःखात होते. नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर सचिनची शेवटची टेस्ट झाली, त्याचं तिकीट त्यांना मिळालं नव्हतं. सचिनने 74 केल्या त्या त्यांनी टीव्हीवर पाहिल्या, आणि तेव्हापासून घरात कोणी वानखेडे म्हटलं तरी ते चहाचा कप खाली ठेवत.

"सचिन नेरुळला येणार?" मामांनी विचारलं.

"मामा, तो खेळणार नाही. बसून बघणार."

"कळतं मला. मीही बसूनच बघणार आहे. त्याला."

असे आम्ही तिघं निघालो. तिसरी माझी बायको. तिचं माहेर कोल्हापूरच्या पेठेतलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोल्हापुरात फुटबॉल हा जागरणाचा विषय नाही, भर दुपारचा विषय आहे. तिथे तालमींच्या टीम असतात, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की आख्खं गाव दोन्ही बाजूंनी वाटलं जातं, आणि ऑफसाइड म्हणजे काय हे तिथल्या आज्यांना समजतं. बायको माझ्या फुटबॉलप्रेमाकडे शहरी लोकांच्या शेतीप्रेमाकडे बघावं तसं बघते. मी जर्सी घालून बाहेर आलो तर म्हणाली, "तुमची टीम कुठंय आज?"

"नाहीये."

"मग हे कशाला?"

याला उत्तर नव्हतं. पण खरा चाहता जर्सी अशाच दिवशी घालतो, असं मी म्हणालो. तिने भडंगाचा डबा पिशवीत टाकला. मामांनी गळ्यात दुर्बीण अडकवली. ही दुर्बीण त्यांनी माथेरानसाठी घेतली होती आणि माथेरानला धुकं होतं.

ठाणे स्टेशनवर ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर नेहमी होतो तो घोळ झाला. समोरची गाडी वाशीची की पनवेलची? वाशीची पकडली तर तुर्भ्यानंतर ती सानपाड्याकडे वळते आणि नेरुळ राहतं बाजूला. मामांनी तीन जणांना विचारून खात्री केली, तिघांनी तीन उत्तरं दिली, चौथा म्हणाला, "पिवळे टी-शर्ट जिथे चढतायत तिथे चढा." इतका शास्त्रशुद्ध सल्ला मला रेल्वेत कधी मिळाला नव्हता. ऐरोली, रबाळे, घणसोली, प्रत्येक स्टेशनवर पिवळे लोक वाढत गेले. नवी मुंबईत केरळी माणसं भरपूर आहेत हे माहीत होतं, पण ती सगळी एका डब्यात मावतील असं वाटलं नव्हतं. जुईनगरला माझी आकाशी जर्सी त्या पिवळ्यात पूर्ण बुडाली. एका पोराने माझ्या खांद्यावर हात ठेवून फार सहानुभूतीने विचारलं, "मुंबई?" मी मान हलवली. त्याने हात काढला नाही. माणूस गेल्यावर भेटायला येतात, तसा ठेवला होता.

खरी परीक्षा गेटवर होती. ऑनलाइन तिकीट काढलं तरी कागदी तिकीट खिडकीवरून घ्यायचं, त्याची रांग. मग तपासणीची रांग. पाण्याची बाटली नाही. पॉवर बँक नाही. डबा नाही. आणि सुट्टी नाणीही नाहीत, कारण ती मैदानात फेकता येतात. मामांच्या खिशात सतरा रुपये सुट्टे होते. सिक्युरिटीवाल्याने पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

"यात टाका, काका."

"पावती?"

"कसली पावती?"

"सतरा रुपये जमा करतोय मी. पावती लागेल."

मागे हजारो माणसं. मामांनी चौतीस वर्षं काउंटर सांभाळलेलं, त्यांना मागच्या रांगेची भीती घालून उपयोग नाही. शेवटी मामांनी ते सतरा रुपये मागच्या एका माणसाला दहा आणि पाचाच्या हिशेबात वीसच्या नोटेबद्दल देऊ केले, वर तीन रुपये मी नंतर देतो म्हणाले, आणि तो माणूस एवढा गोंधळला की त्याने वीसची नोट दिली. मग ती नाणी त्याने खोक्यात टाकली. गळ्यातल्या भल्यामोठ्या दुर्बिणीबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

भडंगाचा प्रश्न बायकोने सोडवला. "टाकायचं कुठलं? माहेरचं आहे ते. इथंच संपवू." डबा उघडला. लसणाचा वास गेटवर पसरला. दोन पिवळे शर्ट पुढे सरकले, एक लाल-पांढरा बंगाली पुढे सरकला, शेवटी सिक्युरिटीवाल्यानेही मूठभर घेतलं. कोल्हापुरी तिखटाचं भडंग होतं. खाऊन झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात एकदमच आलं की पाण्याच्या बाटल्या आत्ताच ड्रममध्ये टाकून झाल्यात.

त्यामुळे पहिल्या हाफबद्दल मी अधिकाराने काही सांगू शकत नाही. मी पाण्याच्या रांगेत होतो. स्टॉल दोन, माणसं छत्तीस हजारांहून जास्त, आणि पाणी कागदी ग्लासात, म्हणजे तिघांसाठी किमान सहा ग्लास, हात दोन. रांगेतून मैदान दिसत नाही, फक्त आवाज येतो. आवाजावरून मॅच समजायची कला मी त्या संध्याकाळी शिकलो. "ऊऊऊ" लांबलं की केरळाचा ह्यूम गोलजवळ आलाय. "ऊऊऊ"चं "आआह" झालं की कोलकात्याच्या गोलकीपरने अडवलंय. हे "आआह" फार वेळा झालं. रांगेतला माझ्या पुढचा माणूस प्रत्येक "आआह"ला भिंतीवर थाप मारायचा, आणि मी प्रत्येक थापेला एक पाऊल पुढे जायचो, कारण तो तेवढ्यात रांग विसरायचा.

पाणी घेऊन वर आलो तर आमच्या जागा पार वरच्या टियरला. हे मैदान मुळात क्रिकेटचं, 2008ला पहिल्या आयपीएलची फायनल इथेच झाली. म्हणजे फुटबॉलचं आयताकृती मैदान मध्ये, आणि त्याच्या चहूबाजूंना गवताचा मोठा गोल रिकामा. कॉर्नरवरचा झेंडा आमच्यापासून इतका दूर की तिथे कोण उभा आहे ते नंतर पेपरात वाचावं. मी अर्धा ग्लास पाणी सांडून बसलो आणि मामांना म्हणालो, "जरा दुर्बीण द्या."

"नाही," मामा म्हणाले. दुर्बीण मैदानाकडे नव्हतीच. ती तिरकी, व्हीआयपी बॉक्सकडे होती. "पाणी पितोय."

"कोण?"

"सचिन."

मी माझ्या हातातल्या अर्ध्या ग्लासाकडे बघितलं आणि गप्प राहिलो.

मग पुढचा तासभर दोन कॉमेंट्र्या एकाच वेळी चालू होत्या. उजव्या कानात बायको: "सेकंड बॉलला कोणच जाईना बघा. मिडफिल्ड मोकळं सोडलंय. अहो, केरळाच्या चोप्राला एवढा मोकळा चान्स, आणि त्यानं काय केलं!" डाव्या कानात मामा: "गांगुलीशी बोलतोय. हसतोय. आता नाही हसत." मधोमध मी, सातव्या क्रमांकाच्या संघाची जर्सी घालून.

मी केरळाच्या बाजूने होतो. याला तत्त्व असं काही नाही, ऑक्टोबरात लीगच्या पहिल्याच सामन्यात कोलकात्याने आम्हाला त्यांच्या घरी 3-0 हरवलं होतं, तो राग. बायको मात्र सकाळपासून म्हणत होती की कोलकाता जिंकणार. तिचा युक्तिवाद असा: गोव्याविरुद्ध सेमीफायनलचे दोन सामने, त्यातला दुसरा एक्स्ट्रा टाइमपर्यंत, आणि दोन्हीत कोलकात्याने एकही गोल केला नाही. तरी पेनल्टीवर फायनलला आले. "गोल न करता फायनलला येणारी टीम लई चिवट असती. आमच्याकडं असल्या टीमला सगळे घाबरतात." मी म्हणालो, ही काही तालमीची स्पर्धा नाही. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

मध्ये मामांनी एकदा दुर्बीण मैदानाकडे वळवली, ती केरळाच्या गोलपोस्टकडे. तिथे डेव्हिड जेम्स उभा होता, इंग्लंडचा जुना गोलकीपर, चव्वेचाळीस वर्षांचा, आणि संघाचा मॅनेजरही तोच.

"हाच मॅनेजर आणि हाच गोलकीपर?"

"हो."

"पगार दोन्हीचा मिळतो?" मला माहीत नव्हतं. मामांनी दुर्बीण परत सचिनकडे नेली.

नव्वद मिनिटं झाली. 0-0. आता एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी, मग बक्षीससमारंभ, आणि मग नेरुळहून ठाण्याची गाडी. मी मनात वेळापत्रक मांडायला लागलो. आजूबाजूला पिवळी माणसंही पाणी आणायला उठायला लागली होती. मला वाटलं त्यांना सांगावं, जाऊ नका, मी जाऊन आलोय. पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

इंजुरी टाइमचं, म्हणजे वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईचं, पाचवं मिनिट. कोलकात्याला कॉर्नर. बायको उठून उभी राहिली. ती मॅचभर बसून होती, त्यामुळे मीही उठलो. बॉल आत आला, गर्दीत कोणीतरी उडी मारली आणि जाळी हलली. बदली म्हणून उतरलेला मोहम्मद रफीक, बंगालचाच पोरगा, त्याचं हेडर. 1-0. आमच्या बाजूचं सगळं पिवळं स्टँड एका क्षणात गप्प झालं. छत्तीस हजारांच्या मैदानात मला मामांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. दुर्बीण अजून डोळ्यांना होती, बॉक्सकडे.

"काहीतरी वाईट झालंय," मामा म्हणाले. "गोल गेला का?"

मैदानाकडे न बघता गोल कळलेला त्या स्टेडियममधला बहुधा तो एकमेव माणूस.

नंतर शिट्टी, फटाके, कागदाचे तुकडे. कोपऱ्यातला लाल-पांढरा पट्टा वेडा झाला. बायको म्हणाली, "बघा." एवढंच म्हणाली, पण ती तो शब्द पुढचे दोन दिवस म्हणत होती. मागच्या रांगेतला एक केरळी मुलगा रडत होता, दहाबारा वर्षांचा. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "अरे, रडतोस काय, पुढच्या साली मारायचं." त्याला मराठी कळत असावी, कारण तो थोडा थांबला आणि मग आणखी जोरात रडला.

बाहेर पडताना पुन्हा ते खोकं दिसलं. मामा वाकून आत बघायला लागले. मी त्यांना दंडाला धरून ओढलं.

नेरुळ स्टेशनवर सगळी गर्दी एका जिन्यावर होती. पिवळे लोक गप्प, त्यामुळे ती गर्दी चमत्कारिक शिस्तीची. ठाण्याची गाडी आली तेव्हा आत ढकलले गेलो, आणि नेमके एका बंगाली घोळक्यात उभे राहिलो. ते गात होते. गेटवर भडंग खाल्लेला तो माणूस त्यांच्यात निघाला. त्याने बायकोला ओळखलं, ओरडून सगळ्यांना काहीतरी सांगितलं, आणि तिला संदेशाचा डबा दिला. तिने मला एक दिला. सातव्या क्रमांकाच्या चाहत्याला विजेत्यांची मिठाई, चव चांगली होती.

कोपरखैरणेच्या आसपास मामांचा फोन वाजला. मामी. मामांनी स्पीकर लावला, गर्दीत कानाला लावायला हात वर जात नव्हता.

"काय झालं हो? कोण जिंकलं?"

"गांगुली," मामा म्हणाले.

पलीकडे मामी जरा थांबल्या.

"अगंबाई. आणि सचिनने किती केले?"

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे. बंगाली घोळका गायचा थांबून ऐकत होता.

"आज त्याला बॅटिंग मिळाली नाही," मामा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.