शेवटचा असला तरी टप्पा सोपा नाही

मेंदूच्या सुजेमुळे काढलेलं कवटीचं हाड पुन्हा बसवण्याला तुमच्या लेखात ‘शेवटचा सोपा टप्पा’ म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. माझा धाकटा भाऊ बाईकवरून पडला, मेंदूला सूज आली म्हणून उजव्या बाजूचं हाड काढून, पुन्हा बसवेपर्यंत टिकावं म्हणून त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवलं. आई हे ऐकून हबकलीच! काही ठिकाणी ते उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. हाड वापरण्याजोगं नसेल तर टायटॅनियमची जाळी, बोन सिमेंट (घट्ट होणारं कृत्रिम मिश्रण) किंवा सीटी स्कॅनवरून बेतलेला तुकडा बसवतात.

मधले महिने फार जपावं लागतं. त्या कुशीवर झोपायचं नाही, उठताना आधार, चालताना हेल्मेट. सूज उतरल्यावर ती जागा वाटीसारखी आत गेली, चक्कर यायची, बोलणंही मंदावलं. हाड बसवल्यावर त्याच्यात खूप सुधारणा झाली, पण ती प्रत्येकात होईलच असं नाही. शिवाय जंतुसंसर्ग, रक्तस्राव, फिट, आपलंच हाड पुढे झिजत जाणं, हे धोके आहेतच. लेखात त्यांचा साधा उल्लेख हवा होता.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना कळकळीने सांगते, टाक्यांतून पाणी आलं, ताप आला किंवा पेशंट जास्तच गुंगीत वाटला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.