खोललंय तर पंप बी टाकून घ्या

आज सकाळी डोकं फिरलंय, अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहितोय.

लातुरात आमच्या नेहमीच्या गॅरेजवर गेलो होतो. समोर एक डिझेल डस्टर उभी. उजवं चाक काढलेलं, इंजिन जॅकवर, टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा दातेरी पट्टा) निघालेला. तिथले मेकॅनिक चाचा गाडीच्या मालकाला, पंचविशीतल्या एका पोराला सांगत होते, "दादा, खोललंय तर पंप बी टाकून घ्या." पंप म्हणजे वॉटर पंप, इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणारा. पोरगं फाडकन म्हणालं, "पंप चांगला चालूय. उगं बिल वाढवू नका. सगळे लुटायलाच बसलेत." चाचा पाना पुसत गप्प राहिले.

वडिलांच्या वयाच्या माणसाला असं बोलतात का?

मला राहवलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी त्याच जागी उभं राहून, त्याच चाचांना मी हेच बोललो होतो. वॉटर पंपाचे २,८०० रुपये वाचवले. आठ महिन्यांनी, भर मे महिन्यात, आईला डोळ्याच्या ऑपरेशननंतर दाखवायला संभाजीनगरला निघालो आणि मांजरसुंब्याच्या घाटात गाडी गचकन बंद पडली. बेल्ट नवाच होता. पंपाचं बेअरिंग जाम झालं आणि त्यानं बेल्टचे दात सोलून काढले. बेल्ट सुटला की व्हॉल्व्ह खाली राहतात, पिस्टन वर येतं आणि त्यांना ठोकतं. आठच्या आठ व्हॉल्व्ह वाकले. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागलं. ५२,००० रुपये.

पैशाचं सोडा. आई डोळ्याला हिरवी पट्टी बांधून अडीच तास बाभळीखाली बसली होती.

अरे, डस्टरच्या या डिझेल इंजिनात पंप त्याच टायमिंग बेल्टवर फिरतो! बेल्टपर्यंत पोचायला चाक, माउंटिंग, पुली, कव्हर सगळं उतरवावं लागतं. खरी मजुरी तिथंच जाते. पंप आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) तिथं समोरच दिसतात. कॅम (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) यांचे ऑइल सीलही तिथंच. उष्णतेनं कडक होऊन ते गळायला लागले, तर तेल थेट नव्या बेल्टवर. नंतर यातलं एक जरी बदलायचं म्हटलं, तरी पुन्हा तेवढंच खोला, तेवढीच मजुरी भरा.

बोअरमधली मोटार वर काढल्यावर आपण काय करतो? पाचशे फूट पाइप ओढायची मजुरी दिलीच आहे, तर वायर, बुश, वॉशर सगळं बघूनच खाली सोडतो ना? तिथं कुणी मेकॅनिकला चोर म्हणत नाही. मग गाडीलाच काय होतं?

आणि आपल्याकडं रेडिएटरमध्ये कूलंट कमी, बोअरचं पाणीच जास्त. ज्या पाण्यानं हंड्याला पांढरे थर चढतात, ते पंपाच्या सीलला सोडेल का?

"गाडी फार फिरलेली नाही," हे लोकांचं दुसरं निमित्त. बेल्टच्या रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याचं वय होतंच.

बरं, बिल फुगवणारे आहेत, मान्य. तर जुना पार्ट हातात मागा, हलवून बघा. ज्यांच्या गाडीला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, जशी डिझेल स्विफ्टला, किंवा पंप बाहेरच्या बेल्टवर आहे, त्यांचं गणित वेगळं. पण म्हणून सांगणाऱ्या प्रत्येकाला चोर ठरवायचं?

त्या दिवशी घाटातून मी चाचांनाच फोन केला होता. आईला आधी दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. चाचांनी स्वतः येऊन टोचन लावून गाडी लातूरला आणली. हेड उघडलं, व्हॉल्व्ह एकेक करून फडक्यावर मांडले. "मी सांगितलं होतं" असं एका शब्दानं बोलले नाहीत. "आईसाहेब पोचल्या का नीट?" एवढंच विचारलं. आज त्यांना पाना पुसत गप्प बसलेलं बघून पोटात तुटलं.

पोराला मी घाटाची गोष्ट सांगितली. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाला आणि बाहेर जाऊन वडिलांना फोन लावत बसला.

त्यातला एक वाकलेला व्हॉल्व्ह मी जपून ठेवलाय. डस्टर उद्या दुपारपर्यंत खोललेलीच आहे. सकाळी तो व्हॉल्व्ह घेऊन परत जाणार आहे.