मेथी, सुतळी आणि मृत्युदेव

मेथी निवडायला मान खाली लागते आणि सबटायटल वाचायला वर. गेलं वर्षभर मी सोफ्यावर बसून या दोन टोकांमध्ये मान हलवते आहे. लेकीला वाटतं, आईला पटतंय.

सुरुवात मे महिन्यात झाली. तिची बारावी संपलेली, मी ऑफिसात दिवसभर हिशेब जुळवून आलेली. "आई, एकच भाग बघ माझ्यासोबत," ती म्हणाली. एरवी मी कोथिंबिरीच्या जुडीचाही आधी भाव विचारते. इथे 'एकूण भाग किती?' एवढं विचारायचं राहिलं. मालिका होती 'ब्लीच', जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशनची मालिका. भाग ३६६. रोज एक बघायचा म्हटलं तरी लीप वर्ष लागणार.

गोष्ट अशी. इचिगो नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला भुतं दिसतात. एके रात्री त्याच्या खोलीत रुकिया नावाची शिनिगामी, म्हणजे मृत्युदेवांपैकी एक, येते. प्रसंग असा ओढवतो की तिला आपली शक्ती त्याला द्यावी लागते. मग तो भुतांमागे तलवार घेऊन धावतो आणि ती त्याच्या खोलीतल्या कपाटात राहायला लागते. आमच्या सासूबाई जपमाळ घेऊन शेजारीच बसलेल्या होत्या. भुतांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

"कपाटात मुलगी राहते आणि घरात कुणाला पत्ता नाही? आई काय करते त्याची?"

"आजी, त्याला आई नाहीये. वारली ती."

"मग बरोबर," म्हणाल्या आणि मणी पुढे सरकवला.

मला मात्र त्या मृत्युदेवांचं ऑफिस पाहिल्यावर माहेरी आल्यासारखं झालं. तेरा तुकड्या, प्रत्येकीला कॅप्टन, त्याच्या हाताखाली उपकॅप्टन, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. चौथी तुकडी जखमींवर उपचार करते, आणि गटारांची कामंही तिच्याच गळ्यात. ही तुकडी मी लगेच ओळखली. आमच्याकडे ती खिडकीच्या उजव्या हाताला बसते आणि तिच्यात एकूण एकच कर्मचारी आहे. मी.

या मंडळींच्या तलवारींना नावं असतात. तलवारीने मालकाला आपलं नाव सांगितलं की तिची पहिली ताकद उघडते. त्याच्याही वरची पायरी म्हणजे बांकाई. आता 'बांकाई' असं ओरडून माणूस वार करेल की नाही? नाही. आधी वारा सुटतो. कपडे फडफडतात. दगड हवेत उठतात. समोरचा शत्रू, जो इतका वेळ याच्या जिवावर उठलेला असतो, तो रांगेत टोकन घेऊन उभं राहिल्यासारखा शांत उभा. कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, मी जाऊन गॅस बंद करते, येताना झाडाला पाणी घालते, तरी हा आपला अजून वारा खात उभा. आणि ताकद एकदाची उघडली की ती काय आहे, कशी चालते, तिच्यातून कुणीच का वाचलेलं नाही, हे तो शत्रूला सविस्तर सांगतो. ते पाच ओळींचं सबटायटल. माझ्या हातात मेथी.

तरी एवढं मी सोसलं. ६३व्या भागाशी एक मोठं प्रकरण संपलं, मी सुस्कारा सोडला आणि ६४व्या भागात बाऊंट नावाची नवीनच बिऱ्हाडं आली. चाळीसहून जास्त भाग मुक्काम. ही माणसं मूळ मांगात, म्हणजे जिच्यावरून मालिका केली त्या चित्रकथेत, नाहीतच! कारण लेकीने समजावलं. तिते कुबो यांची चित्रकथा २००१पासून साप्ताहिकात येत होती, आणि २००४मध्ये तिच्यावर ॲनिमे सुरू झाला तोही दर आठवड्याला. ॲनिमेचा एक भाग चित्रकथेची एकाहून जास्त प्रकरणं खाऊन टाकतो. कधी ना कधी पातेल्याचा तळ लागणारच. मग आमटीत पाणी. याला फिलर म्हणतात.

"आई, स्किप कर गं. सगळे करतात."

ताटात वाढलेलं टाकायचं नाही, हे मला लहानपणी इतकं ठोकून शिकवलंय की मी बाऊंटही संपवले. पण १६८व्या भागाने माझाही संयम खाल्ला. ऐन लढाई चाललेली, माणसं रक्तबंबाळ, आणि पुढच्या भागात एकदम तिसऱ्याच एका नव्या कॅप्टनची गोष्ट. बावीस भाग! मग १९०व्यात पुन्हा तीच लढाई, जणू कुणी मध्ये दार वाजलं म्हणून उठून गेलं होतं. जपानी प्रेक्षकांनी हे दर आठवड्याला एक या गतीने सोसलं. वर २०१२ साली मालिका थांबली आणि शेवटचं प्रकरण सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. आमच्या सोसायटीच्या लिफ्टबद्दल मी यापुढे काही बोलणार नाही.

त्यानंतर 'डीमन स्लेयर'. ही तैशो काळातली, म्हणजे साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या जपानमधली गोष्ट. तांजिरो नावाच्या मुलाचं कुटुंब एक राक्षस मारून टाकतो, एक बहीण वाचते पण ती स्वतःच राक्षस होते. कुणाला चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूची नळी, आणि ऊन लागू नये म्हणून दिवसा ती भावाच्या पाठीवरच्या लाकडी पेटीत. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "पोरीला जेवताना तरी काढतात का ते?" ती जेवत नाही, झोपूनच भरून काढते, हे कळल्यावर त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक तेव्हा सकाळी साडेअकराला उठायची.

मालिका दिसायला मात्र अशी की मेथी बाजूला ठेवावी. तांजिरोच्या तलवारीतून निघणारं पाणी जुन्या जपानी लाकडी छाप्यांतल्या लाटांसारखं काढलंय, काठाला जाड रेघ आणि वर पांढरा फेस. पण इथे माझी वेगळीच पंचाईत झाली. मला खलनायक मेला की बरं वाटायला हवं असतं. दिवसभराच्या कामानंतर तेवढीच करमणूक. इथे राक्षसाची मान उडते, शरीराची राख व्हायला लागते आणि नेमकं तेव्हा त्याला आपलं माणूसपण आठवतं. कितीतरी पोरं खाल्लेला, अंगभर हातच हात असलेला तो राक्षस मरताना लहान मूल होतो, आणि तांजिरो त्याचा हात हातात धरतो. मी ओल्या मेथीच्या हाताने डोळे पुसले. मेथीला माती होती.

'जुजुत्सू कायसेन'बद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे आमच्या घरात फूट पडली. नायक युजी पहिल्याच भागात एका महादुष्टाचं वाळलेलं बोट गिळतो. अशी एकूण वीस बोटं आहेत. "धुतलं तरी का?" एवढं विचारून सासूबाई उठून गेल्या त्या दोन दिवस फिरकल्या नाहीत. मला मात्र ही मालिका फार आवडली, आणि त्याचं कारण नानामी. हा पूर्वी कंपनीत नोकरी करायचा, मग ती सोडून पुन्हा शापांशी, म्हणजे तिथल्या दुष्ट आत्म्यांशी, लढायला आला. कामाची वेळ संपेपर्यंत तो आपली ताकद बांधून ठेवतो आणि ओव्हरटाइम लागला की ती वाढते. सूट, घड्याळ, चेहऱ्यावर ठार कंटाळा. इतक्या मृत्युदेव-राक्षसांत मला हा एकच माणूस कळला. फक्त सहानंतर माझी ताकद वाढत नाही.

आणि इथेच ती शत्रूला सगळं समजावून सांगायची खोड एकदाची मार्गी लागली. मूळ चित्रकथा काढणाऱ्या गेगे अकुतामी यांनी तिचा सरळ नियम केला: आपली विद्या समोरच्याला उघड करून सांगितली की ती आणखी जोरात चालते. ३६६ भाग मी ज्याच्यावर चिडचिड केली, त्याला कुणीतरी कायद्यात बसवलं.

परवा रात्री पानं घेतली. यांनी मेथीच्या भाजीतून बोटभर सुतळी बाहेर काढली. जुडीची. दोन बोटांत उंच धरली आणि म्हणाले, "हे काय?"

"मेथी निवडायला मान खाली लागते," मी सुरुवात केली, "आणि सबटायटल वाचायला..."

यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी हात वर केला.

"थांब रे बाळ. अजून तिची लहानपणची गोष्ट यायचीय."