निसर्ग आहे का, मावशी?

आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी करायला साबुदाणा, बटाटा, दाणे, जिरं आणि मिरची लागते. हे झालं पुण्यात. शांघायजवळच्या सुझोऊ शहरात या पाच जिनसांखेरीज एक बरा चिनी-इंग्रजी शब्दकोश लागतो, आणि सगळ्यात जास्त छळतो तोच.

नवऱ्याची इथे बदली झाली. तो दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलतो, संध्याकाळी घरी मराठी, आणि भाजी आणायला मला पाठवतो. म्हणून मी चिनीचा क्लास लावला. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "एक चांगला ऑनलाइन कोश निवडा." लग्नासाठी शालू निवडायला जेवढा वेळ घेतला नव्हता तेवढा मी यात घातला. आठवडाभर एकामागून एक कोश उघडत बसले. हळूहळू संशय यायला लागला, कारण जो अर्थ पहिल्यात, तोच दुसऱ्यात, तोच पाचव्यात, अगदी अर्धविरामासकट. खोदून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. १९९७ साली पॉल डेनिसोव्स्की नावाच्या गृहस्थांनी जपानी-इंग्रजी 'एडिक्ट' कोशाच्या धर्तीवर 'सीडिक्ट' हा चिनी-इंग्रजी कोश सुरू केला. त्याचाच पुढे 'सीसी-सीडिक्ट' झाला. हौशी लोक त्यात भर घालत गेले, नोंदी एक लाख वीस हजारांच्या वर गेल्या, आणि परवाना असा उदार की श्रेय देऊन कुणीही वापरावा. म्हणजे दुकानं दहा, पाट्या दहा, माल मात्र एकाच गोडाऊनचा. लक्ष्मी रोडवर चार दुकानं फिरून पाचव्यातही तीच साडी निघावी, तसं.

मग उरली नुसती सजावट. कुणी उच्चार ऐकवतो, कुणी सूर (चिनीत आवाजाचा चढउतार बदलला की शब्दच बदलतो) रंगांत दाखवतो, कुणी अक्षर कुठून सुरू करायचं ते हलत्या रेघांनी शिकवतो. मी रंगवाला घेतला. रंग बघून साडी घ्यायची नाही हे आईने शिकवलं होतं, कोशाबद्दल ती काही बोलली नव्हती.

चिनी कोशाची खरी गंमत अशी की शब्दाचा उच्चार माहीत असेल तरच तो चटकन सापडतो, आणि उच्चार माहीत नसतो म्हणून तर आपण कोश उघडलेला असतो. पूर्वी लोक अक्षरातला मुख्य अवयव ओळखून शोधायचे. १७१६ सालच्या खांगशी कोशात असे २१४ अवयव आहेत आणि अक्षरं ४७,०३५. आता कॉम्प्युटरच्या उंदराने किंवा बोटाने अक्षर काढता येतं. साबुदाण्याला म्हणतात 'शीमी', म्हणजे पश्चिमेचा तांदूळ. पाकिटावर छापलेलं बघून मी ते काढत होते. तांदूळ सोपा, अधिकचं चिन्ह आणि चार कोपऱ्यांत चार काड्या. पश्चिम म्हणजे खिडकी, आत दोन पाय, वर छप्पर. मी छप्पर विसरले. छप्पर नसलं की तो आकडा चार होतो. कोशाने विचारलं, "चार तांदूळ?" उपासाला तेवढेच खायचे असतात, पण त्याला ते कुठून ठाऊक?

एकादशीच्या आदल्या दिवशी यादी केली. कोशात इंग्रजीतून 'बटाटा' टाकला. 'मालिंगशू' आलं. लिहून घेतलं. मग दाणे. वरती 'ह्वाशंग' होतं, ते मला दोनदा म्हणूनही जमेना. खाली 'थूतौ' होतं, सुटसुटीत. पुढे कंसात 'टीडब्ल्यू' अशी दोन अक्षरं होती. असतील काहीतरी, म्हटलं. थूतौ लिहून घेतलं.

बाजारात भाजीवाल्या बाईंना 'आयी' म्हणायचं. या शब्दाला कोशात मावशी, सावत्र आई, मुलं सांभाळणारी बाई, आईच्या वयाची कुणीही बाई अशी लांबलचक इंग्रजी माळ दिली आहे. वर्गातला जर्मन मुलगा ती वाचून हादरला होता. मला काहीच वाटलं नाही. धुणंभांडी करते तीही मावशी, मंडईत मेथी विकते तीही मावशी, आणि आईची बहीण तर आहेच. एक शब्द चिनीत, एक मराठीत, आणि मध्ये इंग्रजी घामाघूम.

असं बऱ्याचदा होतं. इंग्रजीत 'वुई' एकच. चिनीत, विशेषतः उत्तरेकडे, समोरच्याला धरून 'त्सानमन' आणि इतर वेळी 'वोमन'. कोश हे कंसात समजावत बसतो, आपण मनात 'आपण' आणि 'आम्ही' म्हणून पुढे जातो. 'ता' या क्रियापदाखाली कोशात अर्थांची अशी रांग आहे की शेवटापर्यंत पोचताना पहिला विसरतो. पण 'ता' म्हणजे मारणे, बस. ते फोन मारतात, सुई मारतात, झाडूही मारतात. हाका आणि गप्पा मारणाऱ्या माणसाला यात अवघड काय?

तर मी आयींना म्हटलं, "एक चिन मालिंगशू." एक चिन म्हणजे अर्धा किलो. त्यांनी बटाटे तोलले. मी म्हटलं, "आणि एक चिन थूतौ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि आणखी अर्धा किलो बटाटे तोलले. मी मान हलवून "हे नको, थूतौ, थूतौ" केलं. त्यांनी त्यातले दोन बाजूला काढले आणि जरा मोठे बघून टाकले.

कंसातलं 'टीडब्ल्यू' म्हणजे तैवान. तैवानात थूतौ म्हणजे शेंगदाणे. इकडे थूतौ म्हणजे बटाटा, आणि मालिंगशू म्हणजे तोच बटाटा, जरा सुटाबुटातला. कोशाने सगळं सांगितलं होतं. कंसातलं वाचायची सवय मला पाठ्यपुस्तकातही नव्हती. दाणे अखेर शेजारच्या गाळ्यावर दिसले, तिथे बोट दाखवलं. बोटाला सूर लागत नाहीत.

राहिलं जिरं. ते 'त्सरान'. हा 'त्स' मराठी माणसाला फुकटात येतो, तो चमच्यातला च आहे, चारमधला नव्हे. घरून घोकून निघाले होते. रंगवाल्या कोशात तो लाल होता, लाल म्हणजे पहिला सूर, सपाट, तंबोऱ्यासारखा. पण बटाट्यांनी खचलेली मी, आवाज कुठला सपाट राहायला? तो धाडकन खाली आला, म्हणजे चौथा सूर लागला. आयींचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी छताकडे पाहिलं, मग बाहेरच्या झाडाकडे. त्सरान पहिल्या सुरात जिरं. चौथ्या सुरात निसर्ग. मी एक किलो बटाटे हातात घेऊन त्यांना विचारत होते, "मावशी, तुमच्याकडे निसर्ग आहे का?"

मी कोश उघडून तोच शब्द त्याच्याच तोंडून ऐकवला. आयी खळखळून हसल्या, शेजारणीला सांगितलं, तिने पलीकडच्या मासळीवाल्याला. मग माझा दंड धरून त्यांनी मला बाजाराबाहेर कोपऱ्यावर नेलं. तिथे चीनच्या वायव्येकडच्या शिनच्यांगचा एक माणूस कोळशावर मटणाच्या सीखा भाजत होता आणि वरून मूठमूठ जिरं उधळत होता. आयींनी त्याला सगळी हकीकत सांगितली. त्याने हसत कागदाची पुडी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत, उलट एक सीख पुढे केली. उद्या उपास आहे हे सांगायला मी कोशात 'एकादशी' शोधणार होते, पण विचार बदलला. उपास उद्या होता.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी खिचडी पाहिली. "बटाटा फार घातलास गं. आणि जिरं मिळालं का तिथे?"

"मिळालं."

"कुठे?"

"निसर्गात," मी म्हटलं, आणि नवऱ्याला ठसका लागला.